दूधगंगेच्या पुलावर थांबलेला इन्स्पेक्टर

कागल सोडून बेळगावच्या दिशेने निघालं की दूधगंगेचा पूल लागतो. पूल ओलांडल्यावर काही मिनिटांत कोगनोळीचा टोलनाका येतो आणि तिथून दुकानांच्या, शाळांच्या, पोलीस ठाण्यांच्या पाट्या कानडीत सुरू होतात. माणसांचं बोलणं मात्र तेच राहतं. शेतातला ऊस तोच, तंबाखूही तोच. मुलगी पुलाच्या अल्याडची आणि सासर पल्याडचं, हे इथे घरोघरी आहे. रात्री जेवणं उरकल्यावर दोन्हीकडच्या घरांत टीव्हीवर मराठी मालिकाही त्याच लागतात.

त्या मालिकांमधला इन्स्पेक्टर मात्र हा पूल ओलांडताना कधी दिसत नाही. त्याच्या जगात एकच राज्य असतं, एकच भाषा असते आणि त्याच्या जीपला कुठेही मज्जाव नसतो. संशयिताच्या कानाखाली एक बसली की कबुली मिळते. पुढच्या दृश्यात कोर्ट, आणि जाहिरातीनंतर फाशी.

मी या मालिकांच्या विरोधात नाही. १९९८ मध्ये सुरू झालेली ‘सीआयडी’ आमच्या घरात सगळ्यांनी मिळून पाहिली. शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न आणि डॉक्टर साळुंखेंची प्रयोगशाळा ही आमच्या पिढीची तपासाशी पहिली ओळख. त्याआधी दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ होती. पुस्तकांच्या कपाटात बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार होता आणि सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास होता. कथाकाराने कायद्याचं पुस्तक समोर ठेवून लिहावं, असा माझा हट्ट नाही. माझी तक्रार वेगळी आहे. कायद्यामुळे गोष्ट रेंगाळते असं समजून लेखक तो बाजूला ठेवतात आणि गोष्टीतला खरा ताणच त्याच्याबरोबर निघून जातो. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला हे लवकर कळतं, कारण इथे कायदा रस्त्यावर दिसतो. पुलाच्या दोन बाजूंना दोन पोलीस, दोन न्यायालयं आणि दोन भाषा आहेत. म्हणून एक गोष्ट इथेच रचून बघू.

ऑक्टोबर महिना आहे. पावसाळ्यासाठी काढून ठेवलेले बरगे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पुन्हा बसवायला माणसं आली आहेत. बंधारा निपाणी तालुक्यातला आहे. दोन खांबांच्या मध्ये झाडाच्या फांद्या, प्लॅस्टिक, जलपर्णी अडकली आहे आणि त्या गाळात एक प्रेत आहे. दूधगंगेचं पाणी महाराष्ट्रातून खाली येतं, तेव्हा प्रेतही वरून आलं असणार. माणूस कागलकडचा असावा. खून कुठे झाला, हे कुणालाच माहीत नाही.

मालिकेत इथे पिवळी पट्टी लागते आणि तपास सुरू होतो. प्रत्यक्षात पहिला प्रश्न येतो तो हद्दीचा, आणि ‘ही आमची हद्द नाही’ हे वाक्य ऐकलं नाही असं कुटुंब या भागात विरळा. कायद्याने मात्र या वाक्याला जागा ठेवलेली नाही. जिथे प्रेत सापडलं तिथल्या ठाण्याने मरणोत्तर पंचनामा करायचा आणि प्रेत शवविच्छेदनाला पाठवायचं. खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. गुन्हा कुठल्या का हद्दीत घडलेला असेना, ती लिहून घ्यावी लागते आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवावी लागते. यालाच झीरो एफआयआर म्हणतात. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर ही पद्धत रुळत गेली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती थेट लिहिली गेली. बेपत्ता माणसाची तक्रार चोवीस तासांनंतरच घेतात, ही मालिकांनी पसरवलेली समजूतही अशीच निराधार आहे. असा नियम कुठेच नाही.

गुन्हा नेमका कुठल्या हद्दीत घडला हे ठरत नसेल, तर ज्या ज्या हद्दींचा संबंध पोचतो त्यांपैकी कुठल्याही न्यायालयात खटला चालू शकतो. म्हणजे आपल्या गोष्टीत दोन दारं उघडी आहेत. खटला कागलकडे चालला, तर पुढचं अपील १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसू लागलेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचकडे जाईल. निपाणीकडे चालला, तर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे, म्हणजे निपाणीपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. कागल आणि निपाणी यांच्या मधलं अंतर वीस-बावीस किलोमीटरचं. एवढ्यावरून मेलेल्या माणसाच्या बायकोने पुढची दहा वर्षं कुठल्या एसटीत बसायचं ते ठरतं. मालिकेच्या पहिल्याच भागाला पुरेल एवढं हे नाट्य आहे आणि ते कुणीच लिहीत नाही.

आता कोल्हापूरच्या पोलिसांना सुगावा लागला, संशयित निपाणीत तंबाखूच्या एका वखारीत लपलाय. त्यांना पूल ओलांडता येतो का? येतो. विनावॉरंट अटक करता येईल अशा आरोपीचा पाठलाग पोलीस अधिकारी भारतात कुठेही करू शकतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे होतं आणि नव्या संहितेतही आहे. वखारीचं दार तोडता येतं का? तेही येतं. पण आधी आपण कोण आहोत आणि कशासाठी आलोय, हे ओरडून सांगावं लागतं, दार उघडायला सांगावं लागतं आणि तरीही आत जाता आलं नाही तरच तोडता येतं. ‘सीआयडी’तल्या दार तोडणाऱ्या दयाच्या लाथेच्या आधी ही दोन वाक्यं आली असती तर दृश्य लांबलं नसतं, उलट दाराआडच्या माणसाला विचार करायला दोन श्वास मिळाले असते, आणि प्रेक्षकालाही.

अटकेनंतरची गोष्ट आणखी बारीक आहे. कुणालाही अटक केली की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं, हे राज्यघटनेच्या कलम २२ मध्येच आहे. परराज्यात पकडलेल्या माणसाला दूर न्यायचं असेल, तर तिथल्या दंडाधिकाऱ्याकडून ट्रान्झिट रिमांड घेतात. निपाणीहून कोल्हापूर तासाभराच्या वाटेवर आहे, त्यामुळे चोवीस तास पाळायला रिमांड लागेलच असं नाही. तरीही दुसऱ्या राज्यात गेलेल्या पथकाने स्थानिक ठाण्यात जाऊन नोंद करावी, तिथल्या पोलिसांना बरोबर घ्यावं, असं अपेक्षित असतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका प्रकरणात याची सविस्तर पद्धतच घालून दिली होती. ही नोंद नसेल, तर बचावाच्या वकिलाला एक आयताच प्रश्न मिळतो: माझ्या अशिलाला पकडलं तेव्हा तुम्ही निपाणीत होता, हे कुठे लिहिलंय?

पोलिसांकडे वॉरंट असेल तर गंमत अजून वाढते. आपल्या जिल्ह्याबाहेर वॉरंट बजावून पकडलेल्या माणसाला तिथल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर किंवा पोलीस अधीक्षकांसमोर न्यावं लागतं. मात्र वॉरंट काढणारं न्यायालय अटकेच्या जागेपासून तीस किलोमीटरच्या आत असेल, तर ती गरज नाही. आणि कायद्यातलं अंतर मोजतात ते रस्त्याने नव्हे, सरळ रेषेत, असं १८९७ चा जनरल क्लॉजेस कायदा सांगतो. नकाशावर पट्टी ठेवून बघा. निपाणी ते कागल तीसच्या आत बसतं. निपाणी ते कोल्हापूर बसत नाही. वॉरंट कागलच्या न्यायालयाचं असेल तर पोलीस आरोपीला घेऊन सरळ पूल ओलांडू शकतात. कोल्हापूरच्या न्यायालयाचं असेल तर आधी निपाणीत थांबायचं, तिथल्या तहसीलदारांच्या, म्हणजे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या, दारात गाडी उभी करायची. त्या अर्ध्या तासात बाहेर संशयिताचे नातेवाईक जमतात, वकील येतो, कुणाचा तरी फोन येतो. ही कथेची जागा आहे, आणि ती कायद्यानेच तयार करून ठेवली आहे.

उलट बाजूही बघू. समजा निपाणीच्या ठाण्यात गुन्हा दाखल झालाय आणि ज्याच्यावर संशय आहे तो कागलात आहे. त्याला अटकेची भीती आहे, पण अटकपूर्व जामिनासाठी कर्नाटकात पाय ठेवला तर पकडलं जाईल. त्याने काय करावं? सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रिया इंदोरिया विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सांगितलं की गुन्हा दुसऱ्या राज्यात दाखल असला तरी इथलं सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय मर्यादित काळापुरतं संरक्षण देऊ शकतं. तेवढ्या दिवसांत योग्य न्यायालयात जायचं. पूल ओलांडायला मिळालेले ते मोजके दिवस म्हणजे मालिकेचा एक अख्खा आठवडा होऊ शकतो.

आता कबुली. आपल्या मालिकांची सगळ्यात मोठी चूक मला विचाराल तर हीच. कोठडीत कबुली मिळाली की गोष्ट संपते. प्रत्यक्षात पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे १८७२ पासून या देशाच्या कायद्यात आहे. इंग्रजांनी आणलेल्या पुराव्याच्या कायद्यात ते कलम २५ होतं, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ आहे. संघटित गुन्हेगारीविरोधातले कायदे, महाराष्ट्राचा १९९९ चा आणि कर्नाटकाचा २००० चा, वरिष्ठ अधिकाऱ्याने ठरलेल्या पद्धतीने नोंदवलेल्या कबुलीला अपवाद करतात. एरवी दार बंद. नार्को चाचणीचाही उपयोग नाही. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की माणसाच्या इच्छेविरुद्ध नार्को, लाय डिटेक्टर किंवा मेंदूची चाचणी करता येणार नाही.

पण त्या बंद दारात एक फट आहे आणि तपासाचं सगळं कसब त्या फटीत आहे. आरोपीने सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर त्याच्या बोलण्यातला त्या शोधाशी थेट जोडलेला भाग तेवढा पुराव्यात येतो. समजा आपला संशयित म्हणाला, “ज्या कोयत्यानं त्याला मारलं तो कोयता वखारीत मागच्या खोलीत तंबाखूच्या पोत्याखाली ठेवलाय.” दोन पंचांसमोर हे लिहून घेतलं, त्याला घेऊन वखारीत गेले, पोतं उचललं, कोयता मिळाला. कोर्टात काय चालेल? “कोयता मागच्या खोलीत पोत्याखाली ठेवलाय” एवढंच. “ज्या कोयत्यानं त्याला मारलं” हे शब्द गळून पडतात. प्रिव्ही कौन्सिलने १९४६ मध्ये पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात ही रेघ आखली. सापडलेल्या वस्तूवरून आरोपीला ती कुठे आहे हे ठाऊक होतं, एवढं सिद्ध होतं. त्या वस्तूने काय केलं हे सिद्ध होत नाही. ते दुसऱ्या पुराव्याने दाखवायचं. एकच वाक्य, त्याचे दोन तुकडे, आणि त्यातला महत्त्वाचा वाटणारा तुकडा कचऱ्यात. यापेक्षा नाट्यमय दृश्य कुठल्या लेखकाला सुचेल?

कोयत्यावरच्या रक्ताचं काय? मालिकेत साळुंखे डोळ्यांसमोर निकाल सांगतात. खऱ्या गोष्टीत कोयता कागदात गुंडाळला जातो, दोऱ्याने बांधला जातो, त्यावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लागते, लाखेची मोहोर उठते. तो ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत जातो, तिथून कुणा हवालदाराच्या हाती प्रयोगशाळेत. बेळगावात आणि कोल्हापुरात, दोन्हीकडे न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहेत. वाटेत प्रत्येक हाताची नोंद हवी. लाखेची मोहोर फुटलेली पोचली, किंवा पुडकं आठ दिवस कुठे होतं हे कागदावर नसलं, तर आतलं रक्त कितीही खरं असलं तरी त्यावर संशय येतो. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यायला हवं आणि झडती-जप्तीचं चित्रण व्हायला हवं, असं नवी संहिता सांगते. हवालदाराच्या मोबाइलमध्ये टिपलेली वखार उद्या कोर्टातल्या पडद्यावर दिसू शकते.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येतो. ती म्हणजे भाषा.

आपल्या गोष्टीत एक साक्षीदार आहे. वखारीशेजारी राहणारी, विड्या वळणारी म्हातारी. तिने त्या रात्री बंद दाराआडून एक आवाज ऐकला होता. खोकल्याने बसलेला, ओळखू न येणारा. तो म्हणाला, “मी येतो.” मुंबईहून आलेला आपला इन्स्पेक्टर लगेच ठरवेल, आत पुरुष होता. इथला कुठलाही पोरगा त्याला थांबवेल. कोल्हापूर, निपाणी, बेळगावच्या बोलीत बायकाही “मी येतो”, “मी जेवलो” असंच म्हणतात. दाराआड बाई असू शकते. लेखकाने हा भाग जाणून घेतला, तर रहस्यकथेची अख्खी कलाटणी त्याला एका क्रियापदात मिळते.

बेळगावच्या बोलीत आणखी एक लकब आहे. “सांगून सोडलं”, “खाऊन सोडलं” असं इथे सर्रास ऐकू येतं. काम पुरतं झालं, एवढाच त्याचा अर्थ. कानडीच्या सहवासाने आलेली ही ठेवण आहे. आता म्हातारी म्हणाली, “त्याला मारून सोडलं.” पुण्याच्या माणसाला यातून काय समजेल? मारहाण केली आणि मग जाऊ दिलं. बेळगावच्या माणसाला समजेल, की मारून मोकळे झाले. एका अर्थाने तो माणूस त्या खोलीतून चालत बाहेर पडला, दुसऱ्या अर्थाने नाही. खुनाचा खटला या दोन अर्थांच्या मधे उभा आहे.

आणि ही साक्ष कुठल्या भाषेत लिहिली जाणार? खालच्या न्यायालयांची भाषा राज्य सरकार ठरवतं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्या दिवसापासून तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. सीमेचा वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या वादाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला इथे फक्त साक्षीदाराचा पिंजरा दिसतो. कर्नाटकातल्या खालच्या न्यायालयांची भाषा कानडी, इंग्रजीही वापरात. म्हातारी मराठीत बोलणार. तिला तो हक्क आहे. कायदा म्हणतो, शक्य असेल तर तिच्याच भाषेत लिहून घ्या. शक्य नसेल तर साक्ष चालू असतानाच न्यायालयाच्या भाषेत खरं भाषांतर करा, न्यायाधीशांनी त्यावर सही करावी, आणि ते रेकॉर्डचा भाग होईल. आरोपीला साक्षीची भाषा कळत नसेल तर भर कोर्टात त्याला ती समजावून द्यायची. दुभाष्या असेल तर त्याने खरंच भाषांतर केलं पाहिजे, हेही कलम घालून सांगितलंय.

चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ च्या ‘कोर्ट’ चित्रपटात एक साधी गोष्ट दाखवली आहे, जी आपल्या मालिकांनी कधीच दाखवली नाही. साक्षीदार बोलतो, मग न्यायाधीश ते आपल्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात. कागदावर उतरतं ते न्यायाधीशांचं वाक्य. मुंबईत हे घडतं, तर निपाणीत त्यात एक भाषा आणखी मिसळते. उद्या अपील झालं की उच्च न्यायालयात इंग्रजी. म्हातारीचं “मारून सोडलं” मराठीतून कानडीत, कानडीतून इंग्रजीत जाणार आणि धारवाडला बसलेल्या न्यायमूर्तींसमोर तिच्या आवाजाशिवाय, तिच्या हातवाऱ्यांशिवाय पोचणार. साक्ष देताना साक्षीदार कसा वागला याची टिपणी न्यायाधीशांनी लिहून ठेवावी, असं एक कलम आहे, ते बहुधा याच काळजीने.

दोन्ही भाषांचं कोर्टाशी नातं इतकं जुनं आहे की पुष्कळ शब्द सामाईकच आहेत. आपण जामीन म्हणतो, कानडीत जामीनु. पंचनामा, फिर्याद, वकील, साक्षी, आरोपी, दोन्हीकडे चालतात. जुन्या म्हैसूरच्या बाजूला पंचनाम्याला महजर म्हणतात, पण इकडे मुंबई इलाख्यातला पंचनामाच रुळलाय. या ओळखीच्या शब्दांमुळे माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो. ‘अनुमान’ हा शब्द घ्या. मराठीत अनुमान म्हणजे खुणांवरून काढलेला निष्कर्ष. धूर दिसला, अग्नी असणार. कानडीत अनुमान म्हणजे संशय, शंका. संशयास्पद मृत्यूला कानडी वर्तमानपत्रं ‘अनुमानास्पद सावु’ म्हणतात. फौजदारी कायद्यात या दोन अर्थांइतके एकमेकांच्या विरुद्ध उभे असलेले अर्थ शोधून सापडणार नाहीत. परिस्थितीजन्य पुराव्यावरून पक्कं अनुमान निघालं तर आरोपीला शिक्षा होते. मनात संशय राहिला तर त्याचा फायदा आरोपीला मिळतो. एकाच शब्दाने निपाणीच्या कोर्टात माणूस आत जाऊ शकतो आणि सुटूही शकतो, ऐकणारा कुठल्या भाषेत ऐकतोय त्यावर.

पंचनाम्याचंही तेच. वखारीतल्या जप्तीचा कागद कानडीत लिहिला आणि खाली सही करणारा पंच मराठी शाळेत शिकलेला. उलटतपासणीत बचावाचा वकील तो कागद त्याच्यासमोर धरेल आणि विचारेल, “यात काय लिहिलंय, वाचून दाखवता का?” या प्रश्नानंतर कोर्टात जी शांतता पसरेल, तिला पार्श्वसंगीताची गरज नाही.

काही जण म्हणतील, ही सगळी खालच्या पातळीवरची बारीकसारीक गुंतागुंत आहे, मोठ्या गुन्ह्यांत असं अडत नाही. त्यांनी पुणे-बंगळूर महामार्गाकडे बघावं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून, १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या, त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडमध्ये डॉ. एम. एम. कलबुर्गी यांचा खून, ५ सप्टेंबर २०१७ ला बंगळूरमध्ये गौरी लंकेश यांचा. चारही शहरं एकाच रस्त्यावर आहेत आणि तो रस्ता निपाणी-बेळगाववरून जातो. तपास मात्र चार ठिकाणी विभागला गेला: सीबीआय, महाराष्ट्राचं विशेष पथक आणि नंतर एटीएस, कर्नाटकाची सीआयडी, कर्नाटकाचं विशेष पथक. कलबुर्गींचा तपास लंकेश प्रकरण हाताळणाऱ्या पथकाकडे सोपवायला सर्वोच्च न्यायालयाला फेब्रुवारी २०१९ मध्ये आदेश द्यावा लागला. दाभोलकर खटल्याचा निकाल १० मे २०२४ रोजी लागला. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. खुनानंतर दहा वर्षं आणि आठ महिने उलटून गेले होते. मालिकेतला इन्स्पेक्टर चार फोटो भिंतीवर लावून लाल दोऱ्याने जोडतो. इथे तो दोरा दोन राज्यांतून, चार कार्यालयांतून ओवायचा होता.

आणि निकालाबरोबर गोष्ट संपते, हेही खरं नाही. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही. कोल्हापूरच्या गावित बहिणींचा खटला या भागात अजून कुजबुजत्या आवाजात सांगितला जातो. १९९६ मध्ये मुलांच्या अपहरणाची आणि खुनांची प्रकरणं उघडकीस आली, एकीचा नवरा माफीचा साक्षीदार झाला, २००१ मध्ये कोल्हापूरच्या न्यायालयाने फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दयेचा अर्ज फेटाळला गेला तो २०१४ मध्ये. आणि जानेवारी २०२२ मध्ये, सरकारने अर्जावर लावलेल्या विलंबामुळे, मुंबई उच्च न्यायालयाने त्या फाशीची जन्मठेप केली. पहिल्या निकालाच्या वेळी जन्मलेलं मूल तोपर्यंत मतदार झालं होतं.

हातोडा आपटणारे न्यायाधीश, गीतेवर हात ठेवून घेतलेली शपथ, शेवटच्या क्षणी दार ढकलून येणारा साक्षीदार, या चुका मी सोडून देतो. आपल्या न्यायालयांत हातोडा नसतो, १९६९ च्या शपथ कायद्यात कुठल्या ग्रंथावर हात ठेवायला सांगितलेलं नाही, आणि साक्षीदारांची यादी आरोपपत्राबरोबर आधीच दिलेली असते. हे कुणीही दोन दिवस एखाद्या कोर्टात बसून दुरुस्त करू शकेल. भाषेचं तसं नाही. त्यासाठी लेखकाला माणसं ऐकावी लागतील.

मी ही मालिका लिहिली असती तर एका दृश्यावर सगळ्यात जास्त वेळ दिला असता. साक्ष संपली आहे. कायदा सांगतो की लिहिलेली साक्ष साक्षीदाराला आरोपीच्या देखत वाचून दाखवायची आणि ती दुसऱ्या भाषेत असेल तर त्याला कळेल अशा भाषेत समजावून सांगायची. त्याने एखादी गोष्ट चुकीची म्हटली, तर न्यायाधीश ती दुरुस्त करू शकतात किंवा मूळ कागद तसाच ठेवून त्याच्या हरकतीचं टिपण जोडतात. तर विड्या वळून बोटं पिवळी झालेली ती म्हातारी पिंजऱ्याचा कठडा धरून उभी आहे. कोर्टाचा कारकून कानडी कागद बघून मराठीत सांगतोय. ती प्रत्येक वाक्याला मान हलवतेय. आवाज ऐकला, होय. रात्र होती, होय. मग कारकून म्हणतो, “त्याला मारहाण करून सोडून दिलं, असं तुम्ही सांगितलंत.” तिची मान थांबते.

“न्हाई वो साहेब,” ती म्हणते, “सोडून कुठलं? मारून सोडलं, म्हटलो मी.”

टंकलेखकाचे हात यंत्रावर थांबतात, आणि न्यायाधीश टिपणासाठी कोरा कागद ओढून घेतात.